वय वाढताना घसा कसा बदलतो: ज्येष्ठांचा घास आणि श्वास सांभाळण्यासाठी घरच्यांनी काय करावे

जेवताना घरातल्या ज्येष्ठांना ठसका लागला की बहुतेक घरांत पाठीवरून हात फिरवला जातो, पाण्याचा पेला पुढे केला जातो आणि ‘सावकाश जेवा’ असे सांगून विषय तिथेच मिटवला जातो. पुढच्या आठवड्यात पुन्हा ठसका लागतो, तेव्हा ‘वय झाले’ हे उत्तर तयार असते. वयोमानाने गिळणे मंदावते हे खरे आहे. मात्र निव्वळ वयामुळे रोज ठसके लागत नाहीत, वजन घटत नाही आणि वर्षातून दोनदा न्यूमोनियाही होत नाही. यांपैकी काही घडत असेल, तर त्यामागे वयाखेरीज आणखी काही कारण असते आणि ते बहुधा शोधता येते. हा फरक ओळखायचा कसा, ओळखल्यावर घरी काय बदलायचे आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे, याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

घशात वयानुसार होणारे बदल

नाकातून येणारी हवा आणि तोंडातून येणारे अन्न घशात एकमेकांची वाट ओलांडतात. हवेला पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जायचे असते, तर अन्नाला तिच्यामागे असलेल्या अन्ननलिकेत. रेल्वेच्या सांध्यावर एक गाडी थांबवून दुसरी पुढे सोडावी, तसे येथे प्रत्येक घोटाला घडते. श्वास अर्धा ते एक सेकंद थांबतो, मऊ टाळू उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते, जिभेचा मागचा भाग घास मागे ढकलतो, कंठमणी वर आणि पुढे सरकतो, स्वरतंतू मिटतात, एपिग्लॉटिस नावाची लवचीक पाती स्वरयंत्रावर कलते आणि एरवी आवळलेले अन्ननलिकेचे तोंड क्षणभर उघडते. ३० पेक्षा अधिक स्नायू भाग घेत असलेले घशातले हे काम साधारण एका सेकंदात उरकते. निरोगी माणूस बहुतेक वेळा श्वास सोडतानाच मध्ये थांबून गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो, त्यामुळे घशात एखादा कण राहिलाच तर बाहेर पडणारी हवा त्याला आत जाऊ देत नाही.

साठी-सत्तरीनंतर या यंत्रणेतला प्रत्येक भाग थोडाथोडा बदलतो. अंगातल्या इतर स्नायूंप्रमाणे जिभेचे आणि घशाचे स्नायूही झिजतात. घशाच्या भिंतीचा स्नायू पातळ झाल्याने आतली पोकळी किंचित रुंद होते आणि घास खाली गेल्यावरही थोडे अन्न कडेच्या खळग्यांत रेंगाळते. स्वरयंत्र मानेत थोडे खाली उतरते, म्हणजे गिळताना त्याला अधिक उंच चढावे लागते. त्याच्या कूर्चांमध्ये कॅल्शियम साठून त्या ताठरतात. स्वरतंतू बारीक होऊन मध्ये कमानीसारखे वाकतात आणि मिटल्यावरही त्यांच्यात फट राहते. आजोबांचा एकेकाळचा खणखणीत आवाज पातळ आणि हवा मिसळलेला वाटतो तो यामुळेच, आणि त्यांचा खोकला पूर्वीसारखा जोरकस राहत नाही याचेही हे एक कारण आहे. घशाच्या अस्तराची संवेदना बोथट होते, म्हणून घास किंवा घोट बराच मागे पोहोचेपर्यंत गिळण्याची क्रिया सुरू होत नाही. श्वास थांबण्याचा काळही काहीसा लांबतो, आणि ज्यांना आधीच दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयाचा विकार आहे त्यांना एवढे थांबणेसुद्धा जड जाते.

तरीही निरोगी वृद्ध माणूस या सगळ्यासह व्यवस्थित जेवतो. जीभ टाळूवर जास्तीत जास्त जितक्या जोराने दाबता येते तो जोर वयानुसार घटतो, पण रोजचा घास गिळायला लागणारा जोर बराचसा तेवढाच राहतो. घटते ती शिल्लक. तरुणपणी ही शिल्लक भरपूर असते. ऐंशीव्या वर्षी ती इतकी थोडी उरते की साधा ताप, रुग्णालयातला आठवडाभराचा मुक्काम, झोपेची नवी गोळी किंवा सैल झालेली कवळी यांपैकी कोणत्याही एका गोष्टीने ती संपू शकते. ‘कालपर्यंत सगळे खात होते, आजारपणानंतर अचानक गिळता येईना’ असे घरचे लोक सांगतात, त्याचा अर्थ हा आहे. म्हणून कोणत्याही आजारपणानंतरचे पहिले दोन आठवडे जेवणाकडे विशेष लक्ष द्यावे, मग आजार घशाशी संबंधित असो वा नसो.

ताटापाशी बसून पाहावे

तपासणीची सुरुवात घरीच होते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. ज्येष्ठांच्या शेजारी एक पूर्ण जेवण शांतपणे बसावे. त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, मात्र लक्ष ठेवावे. ठसका लागतो का, यापेक्षा तो कशाने लागतो हे महत्त्वाचे आहे. पाणी, चहा आणि ताक यांनीच लागत असेल, तर घशातली श्वासाची वाट उशिरा बंद होत असण्याची शक्यता अधिक. भाकरी, भात किंवा मांसाचा तुकडा छातीत अडकल्यासारखा वाटतो पण पाणी सहज जाते, असे असेल तर दोष बहुधा अन्ननलिकेत असतो आणि त्याचा शोध लवकर घ्यावा लागतो.

आमटी-भाताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे ‘मऊ आहे, पोटाला हलके आहे’ म्हणून तोच सर्वांत आधी दिला जातो. पातळ आमटी ओतलेला भात तोंडात गेला की दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. दात नसलेल्या किंवा सैल कवळीच्या तोंडात भाताची शिते हिरड्यांवर चघळली जात असताना आमटीचे पाणी जिभेच्या कडेने मागे ओघळते आणि घसा बंद होण्याआधीच स्वरयंत्रापाशी पोहोचते. पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच की घास अजून तोंडातच आहे आणि तरी खोकला आला. तोच भात घट्ट वरणात, तूप घालून, एकजीव होईपर्यंत कालवून दिला तर अनेकदा खोकला येत नाही.

जेवण झाल्यावर ‘आ’ म्हणायला सांगावे. आवाज जेवणाआधी कोरडा होता आणि आता ओलसर, घुळघुळ असा येत असेल, तर स्वरतंतूंपाशी काहीतरी साचले आहे. एका घासाला तीन-चार वेळा गिळावे लागणे, गालात अन्न राहणे, नाकातून पाणी येणे, सतत खाकरणे, जेवताना डोळ्यांत पाणी येणे, पूर्वी वीस मिनिटांत उरकणाऱ्या जेवणाला पाऊण तास लागणे आणि ‘मला आता ताक आवडत नाही’ असे म्हणून आवडीचा पदार्थ मुकाट्याने सोडून देणे, या सगळ्या खुणा वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. शेवटची खूण सर्वांत सहज निसटते. ज्येष्ठांना ठसक्याची लाज वाटते. ते पाहुण्यांसमोर जेवायचे टाळतात आणि घरच्यांना वाटते की त्यांची भूक मंदावली.

गिळणे हाताला जाणवते. ज्येष्ठ ताठ बसलेले असताना तर्जनी हनुवटीखालच्या मऊ भागावर, मधले बोट त्याखालच्या बारीक हाडावर, अनामिका कंठमण्याच्या वरच्या कडेवर आणि करंगळी त्याच्या किंचित खाली, अशी बोटे अगदी हलकी टेकवावीत आणि त्यांना लाळ गिळायला सांगावे. कंठमणी अनामिकेखालून वर सरकून परत आल्याचे स्पष्ट कळायला हवे. नुसताच थरथरला, अर्ध्यावरून फिरला किंवा सांगितल्यावर कितीतरी वेळाने हलला, तर तेही वहीत लिहावे. आणखी एक साधी चाचणी अशी: तोंड घोटभर पाण्याने ओले करून घेतल्यावर ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा नुसती लाळ गिळायला सांगायची. तीनपेक्षा कमी वेळा जमले, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. या चाचण्यांनी निदान होत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचा निर्णय घ्यायला त्यांची मदत होते. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला सूचना कळत नसल्याने तिच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नये.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायला हवी. ठसका लागत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे नाही. संवेदना मंदावलेल्या घशातून अन्नाचे कण आणि लाळ श्वासनलिकेत उतरते आणि खोकलाच येत नाही, असे अर्धांगवायू, पार्किन्सन आणि विस्मरणाच्या आजारांत पुष्कळदा घडते. मग पहिली खूण दिसते ती छातीत: वारंवार कफ, जेवणानंतरची घरघर, संध्याकाळी येणारी बारीक कणकण. वृद्धांमध्ये न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. अचानक गुंगी, असंबद्ध बोलणे, जेवणावरची वासना उडणे किंवा स्वस्थ बसलेले असतानाही मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास चालणे, एवढ्यावरूनच तो ओळखावा लागतो.

थांबू नये अशा वेळा

बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांसह गिळणे अचानक बंद झाले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि वाटेत पाण्याचा घोटही देऊ नये. लाळसुद्धा गिळता येत नसेल, श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनंतर कधीकधी सुजतात तशी जीभ-ओठ सुजले असतील, तरीही तसेच.

तितके तातडीचे नाही, पण आठवड्याच्या आत दाखवावे असे पुष्कळ काही आहे. आधी भाकरी, मग भात, मग पेज अशी अडचण चढत जाणे, सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे (६० किलोच्या माणसाचे तीन किलो), थुंकीत रक्त, मानेत गाठ, गिळताना कानापर्यंत जाणारी कळ, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा, यांतले एकही लक्षण वयाच्या खात्यावर टाकू नये. ज्यांनी आयुष्यभर तंबाखू, विडी किंवा मिश्री वापरली आहे त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाची सुरुवात अशीच होते.

बसणे, मान आणि पेला

औषधापेक्षाही लवकर फरक पडतो तो बसण्याच्या पद्धतीने. जेवताना पाठ सरळ, नितंब खुर्चीच्या पाठीला टेकलेले, पाय जमिनीवर आणि हनुवटी किंचित खाली असावी. आरामखुर्चीत रेलून किंवा पलंगावर उशीला टेकून जेवल्यास मान मागे जाते. मागे गेलेल्या मानेत श्वासनलिकेची वाट अधिक उघडी राहते आणि घोट वेगाने खाली घसरतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला पलंगाचे डोके जितके उंच करता येईल तितके करून, गुडघ्यांखाली उशी देऊन, घसरणार नाही असे बसवावे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

आपल्याकडची एक सवय मात्र निश्चयाने मोडायला हवी, ती म्हणजे तांब्या-पेला ओठांना न लावता वरून पाणी पिणे. स्वच्छतेच्या आणि सोवळ्याच्या कल्पनेतून ती पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेली आहे आणि तरुण घसा ती सहज निभावून नेतो. सत्तरीनंतर मान मागे, तोंड उघडे, पाण्याची धार सलग आणि श्वास रोखलेला, अशी ती सर्वांत धोक्याची मुद्रा ठरते. ज्येष्ठांना स्वतःचा वेगळा पेला द्यावा आणि तो ओठांना लावूनच प्यायची विनंती करावी; उष्ट्याचा प्रश्नही त्याने सुटतो. पेला रुंद तोंडाचा असावा आणि अर्धा होताच पुन्हा भरावा, कारण अरुंद पेल्यातला तळाचा घोट घेताना मान आपोआप मागे जाते. चोच असलेल्या कपांचा तोटाही तोच आहे.

भरवणाऱ्या व्यक्तीने उभे राहू नये. आपण उभे असलो की ज्येष्ठ वर पाहतात आणि मान मागे जाते. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. चहाचा चमचा पुरे. चमचा जिभेवर ठेवून ओठ मिटू द्यावेत, कंठमणी वर जाऊन खाली आलेला पाहावा, तोंड रिकामे झाल्याची खात्री करावी आणि मगच पुढचा घास उचलावा. दूरदर्शन बंद ठेवावा, आणि घास तोंडात असताना प्रश्न विचारू नये. उत्तर देण्यासाठी माणूस श्वास आत घेतो आणि नेमका तेव्हाच घास आत ओढला जातो. झोपाळू असलेल्या व्यक्तीला ‘औषधाची वेळ झाली’ म्हणून उठवून भरवणे टाळावे. पूर्ण जागे होईपर्यंत थांबावे.

काही जणांना हनुवटी छातीकडे घेऊन गिळल्याने फायदा होतो, पण सर्वांना नाही, आणि काहींचा त्रास त्याने वाढतो. श्वास रोखून गिळण्याच्या काही युक्त्याही गिळण्यावर उपचार करणारे स्पीच थेरपिस्ट शिकवतात. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने करू नयेत.

स्वयंपाकघरात काय बदलावे

सर्वांत आधी सुटे आणि भुरभुरणारे पदार्थ बाजूला काढावेत: चुरमुरे, लाह्या, कोरडे पोहे, फरसाण, शेंगदाण्याचे कूट वरून भुरभुरलेली कोशिंबीर, नुसते मेतकूट. त्यांचे कण तोंडात एकत्र येऊन घास बनत नाही आणि लाळ कमी असेल तर ते घशात पसरतात. चिकट पदार्थ वेगळ्या कारणाने त्रासदायक ठरतात. साबुदाण्याची खिचडी, चिकटसर भात किंवा ओलावा नसलेला ब्रेड टाळूला आणि घशाला धरून बसतो. द्राक्षे, जांभळे, चण्याएवढे टणक दाणे आणि काट्याचे मासे यांतून अडकण्याचा धोका आहे. पातळ रस्सा आणि फोडी असे दुहेरी स्वरूप असलेले पदार्थ वर सांगितलेल्या आमटी-भातासारखेच वागतात. मिसळ, फोडींचे सांबार आणि दुधात बुडवलेले पोहे त्यांतच मोडतात.

याउलट मराठी स्वयंपाकात घशाला सोपे जाणारे पदार्थ भरपूर आहेत आणि मिक्सरमधल्या बेचव लगद्यावर जायची वेळ सहसा लवकर येत नाही. तांदळाची उकड, मऊसर पिठले, अळूचे फदफदे, दुधी किंवा लाल भोपळ्याची घोटलेली भाजी, मुगाच्या डाळीची तूप घातलेली खिचडी, दह्यात कालवलेला मऊ भात, घट्ट शिकरण, नाचणीची लापशी, असे सगळे एकसारखे, ओलसर आणि एकत्र राहणारे असते. भाकरी सोडवत नसेल तर ती गरम असतानाच बारीक कुस्करून दाट पिठल्यात किंवा घोटलेल्या वरणात मुरू द्यावी आणि वर पाणी तरंगणार नाही एवढेच पातळ ठेवावे. थोडी आंबट, तिखट किंवा थंड चव घशाला जागे करते, त्यामुळे पथ्याच्या नावाखाली मीठ-मसाला पूर्ण काढू नये. चवीशिवाय माणूस खात नाही, खाल्ले नाही की स्नायू झिजतात आणि झिजलेल्या स्नायूंनी गिळणे आणखी कठीण होते. डाळ, अंडी, पनीर, दही यांतून प्रथिने पोटात जातील याकडे लक्ष द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती, हे डॉक्टरांना विचारावे.

पेय दाट करण्याच्या बाबतीत घाई करू नये. दाट पेय घशातून हळू उतरते आणि घसा बंद व्हायला वेळ मिळतो, हे खरे; पण दाट पेय माणूस कमी पितो, शरीरातले पाणी घटते, लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ मागे लागते, आणि घशाचे स्नायू दुबळे असतील तर दाट पेयाचाच अवशेष मागे राहतो. तपासणीनंतर थेरपिस्टने विशिष्ट पातळी सांगितली असेल, तरच ती पाळावी. त्यासाठी अन्न-पेय किती दाट आहे हे ठरवणारी इड्सी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरली जाते. २०१९ मध्ये सुधारलेल्या तिच्या श्रेणीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. पेयाची पातळी घरी मोजता येते. १० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी, तिच्या शून्य ते दहा खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर असावे. टोकावर बोट ठेवून ती १० पर्यंत भरावी, बोट काढून १० सेकंद वाहू द्यावे आणि पुन्हा बंद करावे. एक मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पातळी ०, म्हणजे साधे पाणी. १ ते ४ उरले तर पातळी १. ४ ते ८ उरले तर पातळी २. आणि ८ पेक्षा जास्त उरले, तरीही थेंब पडत असतील, तर पातळी ३. नाचणीचे आंबील सकाळी गरम असताना एका पातळीचे आणि निवल्यावर दुसऱ्याच पातळीचे असते, म्हणून ज्या तापमानाला द्यायचे त्याच तापमानाला मोजावे. कॉर्नफ्लोर किंवा इतर पिष्टाने दाट केलेले पेय लाळेतल्या पाचकरसाने पुन्हा पातळ होते. उष्टा चमचा त्यात परत बुडवत राहिल्यास वाटीतला शेवटचा भाग पाण्यासारखा होऊन जातो. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची पूड घातलेल्या पेयाचे तसे होत नाही.

गोळ्या, कवळी आणि तोंडाची स्वच्छता

गोळी जिभेवर ठेवून मान मागे झटकणे हीसुद्धा वरून पाणी पिण्याइतकीच धोक्याची सवय आहे. गोळी घट्ट दह्याच्या किंवा कुस्करलेल्या केळ्याच्या चमच्यात ठेवून, मान सरळ ठेवून घेणे सोपे जाते. मात्र औषध आणि तो पदार्थ एकत्र चालतो का, आणि गोळी फोडता येते का, हे औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय ठरवू नये. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बदलतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिले जाणारे अलेंड्रोनेट मात्र दह्यात किंवा केळ्यात घालून घेऊ नये: ते रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावे लागते आणि नंतर अर्धा तास ताठ बसावे लागते, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडू शकतो. पेलाभर पाणी सुरक्षितपणे जात नसेल, तर डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा.

तोंड कोरडे पडण्याचा दोष वयापेक्षा औषधांकडे अधिक जातो. सर्दीच्या गोळ्या, लघवी रोखून धरणारी औषधे, काही नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्या लाळ कमी करतात. झोपेच्या गोळ्या शिवाय घशाचे प्रतिसादही मंद करतात. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे मांडाव्यात.

तोंडाच्या स्वच्छतेला मी या सर्व उपायांत सर्वांत वरचे स्थान देईन, कारण ती प्रत्येक घरात जमते आणि तिचा परिणाम मोजला गेलेला आहे. फुप्फुसात लाळेचे चार थेंब उतरणे रोखता आले नाही, तरी त्या लाळेत जंतू किती असावेत हे आपल्या हातात असते. जपानमधल्या वृद्धाश्रमांत दोन वर्षे प्रत्येक जेवणानंतर तोंड स्वच्छ केलेल्या वृद्धांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण कमी राहिले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ज्यांना एकही दात नव्हता त्यांच्यातसुद्धा. म्हणून दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि टाळू मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसावेत. कवळी जेवणानंतर धुवावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि सैल झाली असेल तर दंतवैद्यांकडून बसवून घ्यावी. फ्लू आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनिया घडवणारा एक जंतू) यांच्या लसींविषयीही याच वेळी विचारून घ्यावे.

स्नायूंना काम देणे

घशाचे स्नायू व्यायामाने सुधारतात. सत्तरी-ऐंशीतल्या व्यक्तींनी आठ आठवडे जिभेचा व्यायाम केल्यावर त्यांच्या जिभेचा दाब वाढल्याचे दिसले आहे. घरी करताना जिभेचा पुढचा भाग वरच्या दातांमागे टाळूवर शक्य तितक्या जोराने दाबून तीन सेकंद धरावा, सोडावा आणि असे दहा वेळा करावे. नंतर हेच जिभेच्या मधल्या भागाने करावे. दुसरा व्यायाम नॅपकिनच्या गुंडाळीचा. हाताच्या मनगटाएवढी जाड गुंडाळी हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरावी, हनुवटीने ती दाबून काही सेकंद ठेवावी आणि सैल सोडावी. स्वरयंत्राला वर-पुढे ओढणारे स्नायू याने बळकट होतात. पाठीवर झोपून नुसते डोके उचलून धरण्याचा शेकर व्यायामही याच कामासाठी आहे. पण मानेचा स्पाँडिलोसिस, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार ज्यांना आहे त्यांच्यासाठी गुंडाळीच बरी. मोठ्याने वाचणे, स्तोत्र म्हणणे, भजनाला जाणे यांनी स्वरतंतूंना आणि श्वासाला रोज काम मिळते आणि ते करायला कुणी सांगावे लागत नाही.

रात्रीचा श्वास

जे स्नायू दिवसा गिळतात तेच रात्री घसा उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात, आणि वयाबरोबर घशाच्या भिंती अधिक सहज मिटतात. जोराचे घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखा परत येणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंग येणे, ही स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराची, लक्षणे आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते. शेजारी झोपणाऱ्याने मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रण केले तर डॉक्टरांना खूप उपयोग होतो. कुशीवर झोपणे, वजन आटोक्यात ठेवणे, झोपेआधी मद्य टाळणे आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने न घेणे, एवढ्याने सौम्य त्रास कमी होतो. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावे, म्हणजे पोटातले आम्ल झोपेत घशापर्यंत येत नाही. बाकीचे स्लीप स्टडीवर (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीवर) आणि गरज पडल्यास हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्रावर सोपवावे.

घास अडकला तर

खोकला येत असेल, आवाज फुटत असेल, तर खोकू द्यावे. पुढे वाकायला सांगावे. डोक्यावर थापटू नये आणि खोकला चालू असताना पाणी पाजू नये. आवाज बंद झाला, खोकला निःशब्द झाला, हात गळ्याकडे गेले, ओठ निळसर दिसू लागले, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्यांना पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. अडकलेले निघाले नाही, तर मागे उभे राहून बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवावी, दुसऱ्या हाताने ती पकडून आत-वर असे पाच झटके द्यावेत, आणि पाच थापा, पाच झटके असे आलटून पालटून करत राहावे. तोंडात दिसत नसलेला घास बोटाने चाचपडत शोधू नये, तो आणखी खाली जातो. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब देणे सुरू करावे. घास निघाल्यानंतरही पोटावर झटके दिलेल्या व्यक्तीला डॉक्टरांना दाखवावेच, कारण आतल्या अवयवांना इजा झालेली असू शकते.

तपासणीला जाताना

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. त्यांच्या सल्ल्याने गिळण्याचे काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का आणि त्यांना गिळण्याच्या उपचारांचा अनुभव आहे का, हे विचारायला संकोच करू नये; अनेक जण प्रामुख्याने बोलण्यावर काम करतात. तपासणी दोन प्रकारे होते. एकीत नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत नेऊन रुग्ण खातपीत असताना आतून पाहतात. दुसरीत बेरियम मिसळलेला घास गिळतानाचा चालता एक्स-रे घेतात. दुर्बिणीच्या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि ती रुग्णाच्या पलंगापाशीही करता येते. एक्स-रेमध्ये तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. कोणती करायची हे तज्ज्ञ ठरवतात. जाताना तारखा लिहिलेली वही, औषधांची पिशवी, कवळी आणि नेहमीचा चमचा-पेला बरोबर न्यावा. दुर्बिणीची तपासणी असेल तर आधी विचारून, घरी ज्या पदार्थाने ठसका लागतो नेमका तोच पदार्थ, रोज करता तसाच, एका छोट्या डब्यात घालून न्यावा.